पाला, लेप आणि घटक न छापलेली ट्यूब

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांमागच्या लवणीत तिला तीन वर्षांपासून पुरळ उठतं. खाजतं, बरं होतं, पुन्हा येतं. सासूबाई कडुनिंबाचा पाला वाटून त्यात हळद घालून लावायच्या. कधी चार दिवसांत आराम पडायचा, पण मागच्या वेळी लेपाखालची कातडी लालबुंद झाली आणि तिला पाणी सुटलं. तेव्हापासून यजमान म्हणतात, हा अडाणीपणा बंद करा. मग ओळखीच्या एका बाईंनी ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ क्रीम दिलं. ते लावलं की तीन दिवसांत कातडी स्वच्छ होते, थांबवलं की पुरळ पहिल्यापेक्षा जास्त उसळतं. असं पाच महिने चाललंय. ट्यूबवर घटक लिहिलेले नाहीत. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या औषधांना विज्ञानाचा काही आधार आहे का? घरात मी कुणाचं ऐकू? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तुम्ही कडुनिंब आणि हळदीबद्दल विचारलंत, पण मी आधी त्या ट्यूबबद्दल बोलणार आहे. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट तीच आहे.

तीन दिवसांत स्वच्छ होणारी आणि थांबवताच दुप्पट उसळणारी कातडी त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची असते. तीव्र ताकदीचं स्टिरॉइड रोज लावलं आणि अचानक बंद केलं की नेमकं असंच होतं. तुमची ट्यूब मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात काय आहे हे मी सांगू शकत नाही. पण अशा क्रीमची तपासणी पूर्वी झाली आहे आणि तिचे निष्कर्ष तुम्हाला माहीत असायला हवेत. लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये, रुग्णांना त्वचेच्या विकारांसाठी दिलेली ११ चिनी वनौषधी क्रीम प्रयोगशाळेत तपासली. त्यांतल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडलं. २००३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये २४ क्रीम तपासली गेली, त्यांतल्या २० मध्ये स्टिरॉइड होतं. काहींत तर क्लोबेटासोल होतं, म्हणजे कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांमधलं सर्वांत जहाल. बर्मिंगहॅममधली ही क्रीम आईवडील लहान मुलांना लावत होते, आणि झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धास्तपणे लावत होते.

जहाल स्टिरॉइड महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, आतल्या बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, साध्या ओरखड्यानेही वण राहतो. कोपराची घड आणि गुडघ्यामागची लवण अशा जागी तर औषध जास्तच मुरतं. मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे हे औषध रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावू शकतं. म्हणून माझी विनंती ऐका : आज रागाने ती ट्यूब कचऱ्यात टाकू नका. ती घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किती महिने, दिवसातून किती वेळा आणि कुठे कुठे लावलं, हे खरं खरं सांगा. इतक्या दिवसांनी हे थांबवायचं कसं, एकदम की हळूहळू, हे मुलीला तपासूनच ठरवावं लागतं.

यावरून सगळी स्टिरॉइडं वाईट असा निष्कर्ष मात्र काढू नका. हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि इसबाच्या, म्हणजे एक्झिमाच्या, उपचारांचा नूर पालटला. डॉक्टर सौम्य ताकदीचं निवडतात, दिवस ठरवून देतात, मोजून लावायला सांगतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या, बोटांसकट, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असलंच, तर खरा धोका ते न सांगता, न मोजता आणि मुदतीशिवाय दिलं जाण्यात आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते. वय, घडीच्या जागा, खाज, जाणं-येणं, हे सगळं पाहता हे बालवयातलं इसब असण्याची शक्यता मोठी आहे. तरी दोन गोष्टी आधी पडताळून पाहा. घरात आणखी कुणाला, विशेषतः रात्री, खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, बेंबीभोवती पुटकुळ्या आहेत का? असतील तर ती खरूज असू शकते आणि मग सगळ्या घराने एकदम उपचार घ्यावे लागतात. चट्टा गोल असून कडेला उठावदार आणि मध्ये निवळलेला आहे का? तसं असेल तर तो नायटा असू शकतो. नायट्यावर स्टिरॉइड लावलं तर लाली उतरते, पण बुरशी आत फैलावत राहते आणि ओळखूही येईनाशी होते. पुरळ हे एका आजाराचं नाव नाही. म्हणून ‘पुरळावर काय लावू’ या प्रश्नाला, ते कसलं पुरळ आहे हे कळल्याशिवाय, प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

इसबात कातडीची बाहेरची भिंत मुळातच कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला की इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन कातडीचा सर्वांत वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते कमी पडलं की आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. मग खाज, खाजवणं, आणखी फाटलेली भिंत, आणखी खाज. हे एवढ्यासाठी सांगितलं की घरगुती उपाय तपासायची कसोटी यातूनच मिळते : तो या भिंतीला सांधतो की आणखी खरवडतो?

सासूबाईंचा लेप त्या कसोटीवर पाहू. कडुनिंब आणि हळद या जोडीचा माणसांवर अभ्यास झालेला आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात खरजेच्या ८१४ रुग्णांना या दोन्हींचा लेप लावला आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची नोंद झाली. हा आकडा ऐकून कुणालाही हायसं वाटेल. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे लेप न लावता किंवा दुसरं औषध लावून किती जण बरे झाले असते हे त्यातून समजत नाही. आणि मुख्य म्हणजे तो अभ्यास खरजेचा होता. खरजेत कातडीत शिरलेला किडा मारायचा असतो. तुमच्या मुलीच्या कातडीत मारण्यासारखा किडा बहुधा नाहीच. तिथे आहे ती फाटलेली भिंत, आणि तिच्यावर वाटलेल्या पाल्याचा चोथा घासला जात होता.

मग कधी कधी चार दिवसांत बरं का वाटायचं? इसब आपोआप चढतं आणि आपोआप उतरतं. आपण औषध लावतो ते त्रास शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे तो उतरणीला लागायच्या सुमारास. चार दिवसांनी बरं वाटलं की श्रेय शेवटी लावलेल्या गोष्टीला जातं. सासूबाईंनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं, त्यांना कुणी खोटं ठरवू नये. फक्त कारण आणि परिणाम यांची गाठ चुकीच्या जागी बसली. शिवाय ओल्या लेपाच्या गारव्याने खाज घटकाभर शमते, तो आराम काही भास नसतो. इसब ओलं झालं, त्यातून पाणी झिरपू लागलं, की मात्र हाच लेप चिघळवतो. न उकळलेल्या पाल्यातून आणि वाटताना लागलेल्या हातांतून जंतूही जातात.

हळदीबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण तिच्यावर लोकांचा फार जीव आहे आणि माझाही आहे. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शुद्ध कर्क्युमिन पेशींवर थेट टाकून मिळालेला निष्कर्ष चिमूटभर हळदीच्या लेपाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. आणि हळदीचीही ॲलर्जी असते. ज्यांना ती असते त्यांच्या कातडीवर हळद लावली की नवं पुरळ उठतं. बाजारातल्या काही हळदीत रंग खुलवायला लेड क्रोमेट मिसळलेलं आढळलं आहे, त्यात शिसं असतं. फाटलेल्या कातडीवर, तेही लहान मुलाच्या, असली शंका असलेली पूड मी लावणार नाही.

इथे एक मुद्दा हटकून पुढे येतो : ‘अमेरिकेला हळदीचं पेटंट परत घ्यावं लागलं, मग आणखी पुरावा कशाला?’ ती हकीकत खरी आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा असाच तो लढा होता. पण हा वापर नवा नाही, फार जुना आहे आणि लिहून ठेवलेला आहे, एवढंच त्यात सिद्ध झालं. हळदीने जखम किंवा पुरळ किती बरं होतं, हा प्रश्न पेटंट कचेरीपुढे नव्हताच.

कडुनिंबाबाबत एक कडक सूचना : तेल असो वा काढा, मुलीला पोटात देऊ नका. मलेशियात तान्ह्या बाळांना कडुनिंबाचं तेल पाजल्याने उलट्या, झटके, बेशुद्धी आणि मेंदूला सूज आल्याच्या घटना १९८१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवल्या गेल्या आहेत.

मग पारंपरिक उपायांत खरोखर पाठबळ असलेलं काय आहे? बऱ्यापैकी आहे, आणि ते सांगताना मला आनंद होतो. कोरड्या इसबासाठी खोबरेल तेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांना दोन गटांत वाटून आठ आठवडे एका गटाला शुद्ध खोबरेल तेल आणि दुसऱ्याला खनिज तेल लावलं. इसबाच्या तीव्रतेचा गुणांक खोबरेल तेलाच्या गटात सुमारे ६८ टक्क्यांनी उतरला, खनिज तेलाच्या गटात ३८ टक्क्यांनी. इथे तुलना होती, म्हणूनच या निष्कर्षाला वजन आहे. एकाच अभ्यासावर घर बांधू नये हे खरं, पण वास किंवा औषधी मिश्रण न घातलेलं साधं खोबरेल तेल कोरड्या जागी लावायला माझी हरकत नाही. झिरपणाऱ्या जागी नको.

सगळी तेलं सारखी मात्र नसतात. ऑलिव्ह तेल महाग असल्यामुळे ते उत्तम असणार असं पुष्कळांना वाटतं. २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ते लावलं तर कातडीची भिंत कमकुवत झालेली दिसली, आणि सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकून राहिली. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल कातडीतल्या स्निग्ध थरांची घडी विसकटतं. मोहरीचं तेलही अशा कातडीला नको.

दुसरा भक्कम उपाय ओटच्या बारीक पिठाचा, ज्याला कोलॉइडल ओटमील म्हणतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००३ मध्ये त्याला कातडीचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. त्यातली बीटा-ग्लुकान ओलावा धरून ठेवतात आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं दाह व खाज कमी करतात. ते घातलेलं, वास नसलेलं मलम मिळतं. घरी दळलेलं जाडंभरडं पीठ म्हणजे ते नव्हे.

जेष्ठमधाच्या जेलने इसबाची लाली आणि खाज कमी झाल्याचं इराणमधल्या २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे : त्यातला एक घटक शरीराच्या स्वतःच्या स्टिरॉइडचं विघटन रोखतो. पण तो अभ्यास दोनच आठवड्यांचा होता. कोरफडीचा गर थंडावा देतो, इसबावरचा पुरावा तुटपुंजा आहे. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो कातडीला झोंबतो, म्हणून तो पूर्ण निथळू दिल्याशिवाय गर लावू नये. कॅलेन्डुला या फुलझाडाच्या मलमाचा फ्रान्समध्ये २००४ मध्ये चांगला अभ्यास झाला, पण तो स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांच्या कातडीवरचा. आणि कॅलेन्डुला म्हणजे आपला झेंडू नव्हे. इंग्रजीत दोन्हींना मॅरिगोल्ड म्हणतात, तेवढ्यावरून कुणी झेंडूच्या पाकळ्या वाटून लावू नयेत. इव्हनिंग प्रिमरोजच्या तेलाच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा इसबात त्यांचा उपयोग आढळला नाही.

काही वनस्पती तर मुलीच्या कातडीजवळही आणू नयेत. बिब्बा त्यांत पहिला. त्याच्या तेलातली रसायनं पॉयझन आयव्ही या कुप्रसिद्ध वेलीतल्या चिकासारखी असतात, त्याने भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन् महिने राहतात. वाटलेला लसूण बांधून ठेवला तर खरोखरच भाजतं. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की फोड येऊन काळे डाग पडतात. बावचीचंही तसंच, तिच्यात सोरालेन असतं आणि ते उन्हात कातडी जाळतं. पण याच सोरालेनच्या कुळातलं औषध इजिप्तच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात नाईलकाठच्या एका पारंपरिक वनस्पतीपासून घेऊन कोडासाठी वापरलं. पुढे त्याचं प्रमाण आणि अतिनील किरणांची मात्रा ठरवून त्यातून प्रकाशोपचार उभा राहिला. परंपरेचं औषध झालं ते असं : कुणीतरी मात्रा मोजली, वेळ मोजली, कुणाला अपाय होतो तेही लिहून ठेवलं.

यापुढे मुलीला कोणतीही नवी गोष्ट लावायची झाली, मग ती पाल्याची असो वा कारखान्यातली, तर आधी कोपराजवळच्या चांगल्या कातडीवर नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहा. एकदा लावून काही झालं नाही म्हणजे चाललं, असं समजू नका. ॲलर्जीचं पुरळ उठायला दोन ते चार दिवस लागू शकतात.

रोजची निगा अगदी साधी आहे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, सौम्य साबण तोही गरजेपुरता, अंग टिपून ओलसर असतानाच वास नसलेलं मलम अंगभर. मलम सढळ हाताने वापरा. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात, आणि बहुतेक घरांत एवढं महिन्यालाही संपत नाही. मला विचाराल तर निम्म्याहून अधिक अपयश इथलं असतं.

आणि पुढचं काही दिसलं तर वाट पाहू नका : ताप आणि त्यासोबत एकसारख्या आकाराचे, खळगे पडल्यासारखे फोड, पिवळी खपली धरून झपाट्याने पसरणारी लाली, डोळ्यांत किंवा तोंडात फोड, ओठ सुजणं, धाप लागणं, दाबल्यावरही फिके न पडणारे जांभळे ठिपके. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

राहिला घरातला प्रश्न. यजमानांना माझ्यातर्फे सांगा की ‘अडाणीपणा’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. माझ्या उमेदवारीच्या काळात लेप लावून आलेल्या आयांना मी रागवत असे. काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की लेप बंद झालेले नाहीत, बायकांनी मला सांगणं बंद केलंय. एका बाळाच्या मांडीवर बिब्ब्याने भाजलं होतं आणि मी तीन भेटी ते जंतुसंसर्ग समजून औषध देत राहिले. त्याच्या आजीला रागवण्याआधी मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ‘आतापर्यंत काय काय लावलंत?’ हा असतो आणि उत्तर काहीही आलं तरी मी भुवई उंचावत नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या. पुरळ पहिल्यांदा कधी आलं, कोणत्या ऋतूत वाढतं, कशाने उसळतं, हे त्यांना तुमच्याइतकंच, कदाचित तुमच्याहून जास्त आठवत असेल. खोबरेल तेलाचं आणि मलमाचं रोजचं काम त्यांच्याकडे सोपवा. नातीच्या कातडीला हात लावायचा त्यांचा हक्क आहे आणि त्या ते तुमच्याहून नियमाने करतील. मोबाइलवर पुरळाचे जुने फोटो असतील तर तारखेसह काढून ठेवा. आणि ती ट्यूब विसरू नका, सोबत तिचं खोकं शिल्लक असेल तर तेही न्या.